उस्ताद, मेहुणी आणि झेड अक्ष

त्या शेडमध्ये उस्तादांना बावीस वर्षं झाली होती. आताचं मशिन तेवढं जुनं नव्हतं. त्याच्या आधी एक होतं, ते भंगारात गेलं आणि उस्ताद राहिले. त्यांना उस्ताद कोण म्हणायला लागलं हे कोणालाच आठवत नव्हतं, त्यामुळे ते नाव त्यांनी स्वतःच ठेवून घेतलं असावं, अशी एक शंका मागल्या बाकावर अधूनमधून बोलली जायची. पण हात खरोखर चांगला होता. लोखंडाचा ठोकळा हातात घेऊन तो किती मायक्रॉनने जास्त आहे ते सांगायचे, आणि दहातून सात वेळा बरोबर निघायचं. उरलेल्या तीन वेळा मोजायचं यंत्र चुकलेलं असायचं.

त्यांचं मशिन उभ्या बांध्याचं होतं. खाली टेबल, वर हेड. टेबल डावीउजवीकडे आणि पुढेमागे सरकायचं, हेड वरखाली जायचं. या वरखाली जाण्याला झेड अक्ष म्हणतात. प्रत्येक हालचालीला एक मोटर, आणि प्रत्येक मोटरच्या नाड्या हातात धरून बसलेला एक ड्राइव्ह, मशिनच्या पाठीमागच्या कपाटात. मोटरवर झेपणार नाही इतका ताण आला की ड्राइव्ह हात वर करतो, मशिन होतं तिथे थांबतं आणि पडद्यावर लाल अक्षरं येतात.

तीन आठवडे ही लाल अक्षरं येत होती. झेड अक्ष, सर्वो ओव्हरलोड. म्हणजे झेडच्या मोटरवर, तिला सर्वो म्हणतात, जादा ताण. बटण दाबून अलार्म पुसला की मशिन पुन्हा चालू व्हायचं, एखादा दिवस गुण्यागोविंदाने चालायचं आणि ऐन कापणी चालू असताना पुन्हा रुसायचं.

उस्तादांचं निदान पहिल्याच दिवशी झालं होतं. "दुसऱ्या पाळीचा हात जड आहे," ते मालकांना म्हणाले. "माझ्याकडे चालतं तेव्हा काही नाही. तीननंतर काय होतं देव जाणे."

तीननंतर मुनी यायचा. हा दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर, चाळिशीचा, सडपातळ, आणि इतका कमी बोलणारा की त्याला मुनी म्हणतात हे त्याला माहीत आहे की नाही, हेही कोणी विचारलं नव्हतं. उस्तादांचं बोलणं त्याच्या कानावर गेलंच होतं. त्याने ते ऐकलं, मान हलवली आणि कामाला लागला. ती मान होकारार्थी हलली की नकारार्थी यावर दोन दिवस चर्चा झाली.

शेवटी मालकांनी सर्व्हिसवाल्यांना फोन केला. नेहमीचा माणूस रजेवर होता. "दुसरं कोणी पाठवतो, तिचा हात ड्राइव्हवर फार चांगला आहे," असं तिकडून सांगण्यात आलं. मालकांनी ते उस्तादांना सांगितलं, नावासकट. उस्तादांच्या हातातली फाइल खाली पडली.

कारण ती त्यांची मेहुणी होती. बायकोची सगळ्यात धाकटी बहीण. घरात सगळे तिला धाकटीच म्हणत. डिप्लोमा करून अकरा वर्षं ती हेच काम करत होती, आणि अकरा वर्षं उस्ताद जेवणाच्या ताटावर तिची फिरकी घेत होते. "आमच्या मेहुणीबाईंचं बरं आहे, लोकांची मशिनं बंद पडली की यांचं दुकान चालू." किंवा मिक्सर बिघडला की, "बघ गं, यात सर्वो आहे का, असेल तर तुझं काम, नसेल तर माझं." धाकटीही काही कमी नव्हती. पण तिने त्यांना कामावर कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांनी तिला.

सकाळी नऊला ती आली. पाठीवर सॅक, हातात अवजारांची पेटी, केस घट्ट बांधलेले. मालक काचेच्या खोलीतून बाहेर आले. उस्ताद मशिनपाशी असे उभे होते, जणू मशिनचा फोटो निघणार आहे.

"नमस्कार मॅडम," उस्ताद म्हणाले. "यावं. आपलीच वाट बघत होतो."

"नमस्कार भाऊजी," धाकटी म्हणाली. "तब्येत काय म्हणतेय?"

"आम्ही ठणठणीत."

"तुमची नाही, मशिनची."

मालकांनी एकदा उस्तादांकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. नातं कळल्यावर ते म्हणाले, "अरे वा, मग घरचंच काम झालं की," आणि कोणीच हसलं नाही म्हणून परत खोलीत गेले.

धाकटीने पेटी उघडलीच नाही. पडद्यासमोर उभी राहून तिने आधी प्रश्न विचारायला सुरुवात केली. अलार्म कधी येतो? हेड वर जाताना की खाली येताना? सकाळी मशिन थंड असताना की तापल्यावर?

"माझ्याकडे येतच नाही तर मी काय सांगणार?" उस्ताद म्हणाले.

"तीन आठवड्यांत एकदाही नाही?"

"एखाद्या वेळेस आला असेल. माशी शिंकल्यासारखा."

धाकटीने दोन बटणं दाबली. पडद्यावर एक यादी आली. ही यादी मशिन स्वतःहून ठेवतं हे उस्तादांना माहीत होतं, पण ती उघडता येते हे ते विसरले होते. प्रत्येक अलार्मपुढे तारीख आणि वेळ होती. धाकटी बोट ठेवून मोजायला लागली, मोठ्याने. चौदा अलार्म. त्यातले तीन दुपारी तीननंतरचे. अकरा तीनच्या आधीचे.

"बऱ्याच माशा शिंकल्या की," ती म्हणाली.

"मशिनचं घड्याळ पुढेमागे असेल."

तिने मनगट वर करून आपलं घड्याळ पडद्याशेजारी धरलं. दोन्हीत नऊ वाजून बावीस मिनिटं झाली होती. उस्तादांनी शेडच्या छताकडे पाहिलं, तिथे एक दिवा लुकलुकत होता. "तो बदलायला हवा," ते म्हणाले.

धाकटीने विषय ताणला नाही. मशिन चालू करून हेड सावकाश वरखाली करायला सांगितलं आणि पडद्यावरचा ताणाचा आकडा बघत राहिली. टेबलाच्या दोन्ही अक्षांचा ताण पंचवीस-तीस टक्के. झेडचा खाली येताना साठ, वर जाताना नव्वद, आणि वरच्या टोकाला शंभरच्या पुढे.

"भाऊजी, नवं होतं तेव्हा झेडचा आकडा किती असायचा?"

"आकडा मी बघत नाही. मी कानाने चालवतो."

"मग कानाला काय ऐकू येतं?"

तिने हे थट्टेत विचारलं नव्हतं, हे उस्तादांच्या लक्षात आलं. ते दोन पावलं पुढे झाले, मशिनच्या पत्र्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. "वर जाताना शेवटच्या वीतभरात आवाज बदलतो. आधी घुमतो, मग घासतो. कोरड्या जात्यासारखा."

"कधीपासून?"

"पंधरा-वीस दिवस."

"हे मालकांना सांगितलंत?"

"मालक आवाज नाही ऐकत, मालक आकडे ऐकतात."

धाकटीने वहीत लिहून घेतलं. तिचा अंदाज तेव्हाच एका दिशेला झुकला होता, पण अंदाजावर काम करायचं नाही हे ती पहिल्या वर्षातच शिकली होती, आणि त्या शिकण्यात एका कारखान्याची एक चांगली मोटर उगाच बदलली गेली होती. मालकांना ड्राइव्हच खराब आहे असं वाटत होतं. ते नवा मागवायच्या बेतात होते. म्हणून आधी ड्राइव्हचा निकाल लावायचा.

मशिन बंद करून तिने मागचं कपाट उघडलं. आत तीन ड्राइव्ह शेजारी शेजारी, पुस्तकं लावल्यासारखे. उस्ताद मदतीच्या उत्साहात पुढे झाले आणि त्यांचा हात आत गेलाच.

"हात बाहेर!"

हा आवाज मेहुणीचा नव्हता. उस्तादांनी हात असा मागे घेतला की कोपर दारावर आपटलं.

"वीज बंद केली तरी यांच्या पोटात थोडा वेळ राहते," ती आता नेहमीच्या आवाजात म्हणाली. "तो लाल दिवा विझू दे. मग मी मोजून बघीन. मग हात."

"दहा वर्षांपूर्वी मी मुलाला असाच चुलीपासून ओढला होता," उस्ताद कोपर चोळत म्हणाले.

"तो ऐकायचा तरी."

दिवा विझेपर्यंत दोघांनी उभ्याउभ्या चहा घेतला. नंतर तिने मोजलं आणि मग एक्स, म्हणजे टेबल डावीउजवीकडे नेणारा अक्ष, आणि झेड यांचे ड्राइव्ह, दोन्ही एकाच जातीचे होते, त्यांची अदलाबदल केली. "रोग ड्राइव्हमध्ये असेल तर तो ड्राइव्हबरोबर एक्सकडे जाईल," ती म्हणाली. "झेडमध्येच राहिला तर ड्राइव्ह निर्दोष."

मशिन पुन्हा चालू झालं. एक्स छान सरकला. हेड वर जायला लागलं, घुमलं, घासलं, आणि वरच्या टोकाला पोचता पोचता पडद्यावर लाल अक्षरं. झेड अक्ष, सर्वो ओव्हरलोड.

मालक खोलीतून धावत आले. "काय झालं?"

"चांगलं झालं," धाकटी म्हणाली. "ड्राइव्ह सुटला."

मालकांना आपण आनंद मानायचा की दुःख हे कळेना. तिने केबल तपासली, मोटर तपासली, मोटरचा ब्रेक नीट सुटतो का तेही पाहिलं. सगळं ठीक होतं. आता एकच रस्ता होता, हेडला वरखाली नेणाऱ्या लांब स्क्रूपासून मोटर सोडवून तिला एकटीला फिरवून बघणं. पण मोटर सोडली की हेड धरून ठेवणारं काही राहत नाही, ते धाडकन खाली येतं. हेडखाली आधार द्यायला हवा होता.

इथे मात्र तिला काही सांगावं लागलं नाही. उस्ताद स्वतःच कुठूनतरी सागवानी ठोकळा घेऊन आले, टेबलावर ठेवला, वर रबराचा तुकडा टाकला आणि तिला म्हणाले, "आता हेड खाली घे. हळू. अजून. अजून केसभर. थांब." हेड ठोकळ्यावर असं टेकलं की आवाजही झाला नाही. धाकटी वाकून बघत राहिली. फटीतून कागदही गेला नसता.

"हे कुठे शिकलात?"

"ज्या कॉलेजात तू शिकलीस तिथे हे शिकवत नाहीत," उस्ताद म्हणाले, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा फुलला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ताईचा, म्हणजे उस्तादांच्या बायकोचा.

"झालं का गं? चूक कोणाची निघाली?"

"अजून शोधतेय, ताई."

"माझ्या नवऱ्याची निघाली तर आधी मला सांग. आणि जेवायला ये रात्री, काही निघालं तरी."

उस्तादांना यातलं काही ऐकू गेलं नाही, पण धाकटी हसली ते दिसलं. "काय म्हणतेय?" त्यांनी विचारलं.

"तुमची काळजी करतेय."

मोटर सुटी झाली. एकटी फिरवली तर लोण्यासारखी, ताण पाच टक्के. मग धाकटीने स्क्रू हाताने फिरवून पाहिला. दोन्ही हात लावावे लागले. उस्तादांनी फिरवून पाहिला. त्यांनाही दोन्ही हात लावावे लागले, पण त्यांनी एकाच हाताने फिरवल्यासारखा चेहरा ठेवला.

"म्हणजे वीज बिचारी ओरडून सांगत होती," धाकटी म्हणाली. "दुखणं लोखंडात आहे. तेल कोण भरतं?"

मशिनच्या कुशीला तेलाची छोटी टाकी होती. तिच्यातून एक पंप दर काही मिनिटांनी बारीक नळ्यांमधून तिन्ही अक्षांच्या सरकत्या वाटांना तेल पाठवायचा. टाकी जवळजवळ भरलेली होती. पंप चालू होता.

"तेल मीच बघतो," उस्ताद म्हणाले. "पूर्वी टाकी आठ दिवसांत संपायची. आता बारा दिवस पुरते. मालकांना मी सांगितलंसुद्धा. हाताला शिस्त असली की तेलही पुरतं."

धाकटी त्यांच्याकडे बघत राहिली. ती नजर उस्तादांना मुळीच आवडली नाही.

झेडच्या वाटेवरचा पत्रा काढायला तास गेला. मधे जेवण झालं. अडीच वाजता पत्रा निघाला तेव्हा मुनी आला होता. पाळी सुरू व्हायला अर्धा तास असूनही तो कपडे बदलून बाजूला उभा होता. मालकही आले. सगळ्यांनी आत पाहिलं. टेबलाच्या वाटा तेलाने चकचकत होत्या, आणि झेडची वाट वरच्या बाजूला उन्हाळ्यातल्या पायवाटेसारखी फिकट, कोरडी. एका जागी बारीक ओरखडे. खालच्या भागात मात्र तेलाचा पुसट थर दिसत होता, हे धाकटीला जरा चमत्कारिक वाटलं.

ती टॉर्च घेऊन मशिनच्या उभ्या खांबाच्या मागे गेली. तेलाच्या नळ्या तिथून वर जात होत्या, पेनच्या रिफिलीएवढ्या. दोन नळ्या सरळ होत्या. तिसरी, झेडकडे जाणारी, मध्येच दुमडली होती. दुमडीवर तांब्याच्या तारेचे पाच सुबक वेढे, तारेची टोकं हाताला लागू नयेत म्हणून आत वळवलेली, आणि वर काळी चिकटपट्टी.

धाकटीने ते वेढे ओळखले. ताईच्या घरातला बाथरूमचा नळ, छत्रीची मूठ, सुटकेसचा कान, सगळीकडे हेच पाच वेढे होते, टोकं आत वळवलेली. तिने टॉर्चचा उजेड तारेवर तसाच ठेवला. फक्त बाजूला झाली, म्हणजे सगळ्यांना दिसेल.

मालकांना दिसलं. "हे कोणी केलं?" ते म्हणाले, आणि त्यांची मान आपोआप मुनीकडे वळली. तीन आठवडे जे कानावर पडत होतं, त्याच दिशेने. "काय रे? तुझं काम आहे का हे? बोल की काहीतरी!"

मुनीने हात पंचाला पुसले. ते आधीच स्वच्छ होते.

उस्तादांना तो दिवस त्याच क्षणी आठवला. एका गिऱ्हाइकाने पेटीभर माल परत पाठवला होता, प्रत्येक नगावर तेलाचे डाग. मालक सगळ्यांसमोर ओरडले होते. उस्तादांनी पाहिलं तर झेडकडून थेंब थेंब तेल जॉबवर, म्हणजे टेबलावर कापायला लावलेल्या नगावर, पडत होतं. माल त्याच दिवशी जायचा होता. आजच्या दिवसापुरतं, म्हणून त्यांनी नळी बांधली होती. उद्या सोडू. आणि उद्या त्यांना ताप भरला, दोन दिवस ते घरी होते, आणि परत आले तेव्हा ती गोष्ट डोक्यातून साफ गेली होती. अगदी साफ. म्हणजे नळीबद्दल तरी ते खोटं बोलत नव्हते. तीन आठवडे ते मनापासून मुनीला दोष देत होते, आणि आता याचंच त्यांना जास्त वाईट वाटायला लागलं.

"मी जरा हात धुऊन येते," धाकटी म्हणाली आणि निघून गेली.

काम अर्धं पडलेलं असताना, पुन्हा काळे होणारच असताना, हात धुवायला कोणी जात नाही. उस्तादांना ते कळलं. ती गेली होती ती त्यांना जागा देऊन. कधी नव्हे ते त्यांना वाटलं, ही थांबली असती आणि एखादा टोमणा मारला असता तर सोपं गेलं असतं.

"मालक," ते म्हणाले, "तार माझी आहे."

"तुमची?"

"माल परत आला होता त्या दिवशी बांधली. सोडायची राहिली. याचा काही संबंध नाही." त्यांनी मुनीकडे हात केला. "याचा कधीच नव्हता."

मालकांचं तोंड उघडं राहिलं. ते ओरडणार होते, श्वासही घेतला होता, पण त्याआधी एक अनपेक्षित आवाज आला. मुनीचा.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?" उस्ताद आणि मालक एकदमच म्हणाले.

"नळी बांधलीय ते. चार-पाच दिवसांतच दिसलं. म्हटलं, उस्तादांनी बांधलंय म्हणजे काही कारण असेल. मग मी पाळी सुरू झाली की हाताने तेल घालायचो. कुपीने. हात पोचतो तेवढं. वरपर्यंत पोचत नाही."

म्हणून खालच्या भागात तेल होतं. म्हणून त्याच्या पाळीत तीनच अलार्म होते. ही एवढी वाक्यं मुनी एका दमात बोलला, हे पलीकडच्या मशिनवाल्यांनीही ऐकलं आणि दोन मशिनं बिनकामाची थांबली.

"अरे, मग मला सांगायचं नाही?" उस्तादांचा आवाज चढला, आणि चढता चढताच त्यांच्या लक्षात आलं की चढायला जागा नाही.

"सांगायला आलो होतो."

"मग?"

"तुम्ही म्हणालात, आधी शर्टाचं बटण लाव."

धाकटी परत आली तेव्हा मालक खुर्चीवर बसून कपाळ धरून हसत होते, किंवा रडत होते. पाठीमागून नक्की सांगता येत नव्हतं. उस्ताद मुनीसमोर उभे होते. शेवटी त्यांनी खालचा ओठ चावून, गोळी गिळावी तसं, "चुकलं माझं" म्हटलं. मग ते पुरेसं झालं नाही असं त्यांनाच वाटलं असावं, कारण पुन्हा एकदा म्हणाले, जरा मोठ्याने, पलीकडच्या मशिनपर्यंत जाईल असं. "मी तुझ्यावर उगाच आळ घेतला. चुकलं माझं."

"असू द्या," मुनी म्हणाला. दिवसभराचा त्याचा कोटा संपला होता.

पुढचं काम तिघांनी मिळून केलं. तार उस्तादांनी स्वतः सोडली. नळीत अडकलेली हवा पंप हाताने दाबून दाबून काढली. तिच्या टोकातून पहिला थेंब आला तेव्हा मुनीने तो बोटावर घेऊन सगळ्यांना दाखवला. धाकटीने ओरखडे नखाने तपासले. वरवरचे होते, आणखी महिनाभर असंच चाललं असतं तर मात्र वाट खोल खरवडली गेली असती. मुळात तेल जॉबवर का गळत होतं तेही सापडलं. हेडच्या कडेची रबरी पट्टी चिरली होती, ती तेल पुसून बाजूला न्यायचं सोडून खाली सांडत होती. नवी पट्टी यायला आठवडा लागणार होता. तोपर्यंत खाली एक लहानशी पत्र्याची पन्हाळ लावायची ठरली. ती उस्तादांनी वीस मिनिटांत वाकवून दिली, आणि ती इतकी बेतशीर झाली की धाकटीने तिचा फोटो काढून घेतला.

मोटर जोडली, ठोकळा काढला. अर्धा तास हेड नुसतं सावकाश वरखाली केलं. ताणाचा आकडा नव्वदवरून सत्तरवर आला, मग पन्नासवर, मग अडतीसवर येऊन थांबला. उस्तादांनी आकड्याकडे पाहिलंच नाही. ते पत्र्यावर तळहात ठेवून उभे होते. थोड्या वेळाने त्यांनी मान डोलावली. "सुटलं," ते म्हणाले.

शेवटी रिपोर्ट. धाकटी टेबलाच्या कडेला वही ठेवून लिहीत होती, आणि उस्ताद तिच्या खांद्यावरून वाचत नसल्यासारखं वाचत होते. 'बिघाडाचं कारण' या रकान्यात तिने लिहिलं, 'झेड अक्षाच्या तेलाची नळी बांधलेली आढळली.'

"'आढळली' कशाला?" उस्ताद म्हणाले. "आपोआप बांधली जाते का ती? ऑपरेटरने बांधली, असं लिही."

"कोणत्या पाळीच्या ऑपरेटरने?" तिने पेन न उचलता विचारलं.

"पहिल्या."

तिने 'पहिल्या पाळीच्या ऑपरेटरने' असं लिहिलं. मग खाली आणखी एक ओळ घातली: 'आवाजातला बदल ऑपरेटरने अचूक सांगितल्यामुळे दोष लवकर सापडला.' उस्तादांनी ती ओळ दोनदा वाचली.

"हे कोणत्या पाळीच्या?" त्यांनी विचारलं.

"भाऊजी, आता लाडात येऊ नका."

रात्री जेवताना उस्तादांनी बायकोला सगळं स्वतःच सांगितलं. धाकटी घास चावत ऐकत होती. तिला सांगायची संधीच त्यांनी दिली नाही. सांगताना त्यांनी काही लपवलं नाही, फक्त आपल्याला तेव्हा किती ताप होता तो आकडा दोन अंशांनी वाढवला. ताईने सगळं ऐकलं आणि विचारलं, "आणि मग त्या बिचाऱ्याला घरी जेवायला बोलावलंत का?" उस्तादांनी ते केलेलं नव्हतं. त्यांनी आमटी पुन्हा वाढून घेतली.

आठवड्याने पट्टी आली. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सकाळी उस्ताद आणि मुनी दोघेच शेडमध्ये ती बसवायला गेले. जुनी पट्टी खरवडून काढायला वेळ लागत होता, आणि शेडमध्ये दुसरा कसलाच आवाज नव्हता, त्यामुळे बोलणं भाग पडलं. पाच वर्षं एका मशिनवर पाठोपाठ काम करून उस्तादांनी मुनीला घरी कोण कोण असतं हे पहिल्यांदा विचारलं. दोन मुली, मुनी म्हणाला. मोठीला मशिनचं शिकायचंय. विजेचं की लोखंडाचं ते ठरत नाहीये. घरात कोणाला त्यातलं कळत नाही.

उस्तादांनी हातातली खरवडणी खाली ठेवली, हात पुसले आणि खिशातून फोन काढला. "नंबर घे," ते म्हणाले. "माझी मेहुणी आहे. तोंडाने फटकळ आहे, त्याचं मनावर घ्यायचं नाही. पण तिला दोन्हीतलं कळतं. मुलीला म्हणावं, तिच्याशी बोल, आणि माझं नाव सांग."

मुलीने दुपारीच फोन केला. पाऊण तास बोलत होती, असं धाकटीने नंतर सांगितलं. बहुतेक बापाच्या वाटचंही तीच बोलून घेत असावी. फोन ठेवताना मुलीने विचारलं, की सुट्टीत तुम्ही कुठे काम करता ते बघायला येऊ का? धाकटीला पुढच्या गुरुवारी ज्या कारखान्यात जायचं होतं तिथला पत्ता तिने दिला, आणि जाड तळाचे बूट घालून ये, असं बजावून सांगितलं.